नवं पिस्तूल: पहिली साफसफाई आणि तेलपाणी

नवं पिस्तूल खोक्यातून काढलं की हाताला एक ओशट, किंचित चिकट थर लागतो. बरेच जण त्यालाच वंगण समजतात आणि ‘कंपनीनंच तेल लावून दिलंय, उघडायचं कशाला’ म्हणत थेट रेंज, म्हणजे नेमबाजीचं मैदान, गाठतात. तो थर बहुतेक वेळा गोदामात आणि वाहतुकीत गंज धरू नये एवढ्यासाठी दिलेला असतो. पिस्तूल कारखान्यातून निघाल्यापासून तुमच्या हातात येईपर्यंत किती महिने गेले, ते कुठे कुठे पडून होतं, याचा आपल्याला पत्ता नसतो. तेवढ्या काळात त्या थरातला पातळ भाग सुकतो, उरलेला घट्ट होतो आणि वर धूळ बसते. शिवाय पिस्तूल बाहेर पाठवण्याआधी कारखान्यात चाचणीच्या गोळ्या झाडलेल्या असतात. नळीत एक पांढरी चिंधी घालून बघा, राखाडी होऊन बाहेर येईल.

माझी स्वतःची चूक मात्र उलट्या बाजूची होती. पहिलं पिस्तूल आणलं त्या रात्री मी ते मोठ्या प्रेमानं साफ केलं आणि त्याहून जास्त प्रेमानं त्यात तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी रेंजवर तिसऱ्याच गोळीला चष्म्याच्या काचेवर बारीक काळे शिंतोडे उडाले. दुसऱ्या मॅगझिनला (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, पुरती पुढे न जाता बोटाच्या पेराएवढी अलीकडेच थांबली. शिकवणाऱ्या सरांनी पिस्तूल घेतलं, रिकामं केलं आणि मूठ खाली करून एका कागदावर धरलं. टपकन एक काळा थेंब पडला. ‘हे पिस्तूल आहे की तेलाची बुधली?’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून कुणी नवखा विचारायला आला की तेल कुठे लावायचं याच्या आधी ते कुठे लावायचं नाही हे मी सांगतो.

आधी रिकामं, मग बाकी सगळं

‘साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेली असते. त्यामागची गोष्ट जवळपास दरवेळी एकच असते: त्याला वाटलं होतं की रिकामं आहे.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. टेबलावर, खणात, शर्टाच्या खिशात, कुठेही एक काडतूस नको. पिस्तुलाचं तोंड अशा दिशेला ठेवा की गोळी सुटलीच तर ती तिथेच थांबेल. खोल्यांमधल्या पातळ भिंती गोळी अडवत नाहीत आणि पलीकडे कोण बसलंय ते भिंतीतून दिसत नाही. बोट चापाच्या कड्याबाहेर, फ्रेमवर (मुठीसकटच्या खालच्या सांगाड्यावर) सरळ ठेवा. आता मॅगझिन काढून बाजूला ठेवा. त्यानंतर स्लाइड जोरात दोन-तीन वेळा मागे ओढा, मागच्या जागी अडकवून ठेवा आणि उजेडात चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, बघा. बघून झालं की करंगळीचं टोक आत घालून चाचपा. डोळ्यांना सवयीनं जे अपेक्षित असतं तेच दिसतं, बोटाला तसं होत नाही. मॅगझिनच्या रिकाम्या विहिरीतूनही एकदा आरपार बघून घ्या.

हा क्रम उलटा केला तर काय होतं ते समजून घ्या, म्हणजे तो पाठ करावा लागणार नाही. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस उचलून पुन्हा चेंबरमध्ये बसवते. मग तुम्ही मॅगझिन काढता, एक काडतूस टेबलावर पडलेलं बघता आणि निर्धास्त होता. पिस्तूल भरलेलंच असतं.

नेमबाजीचे अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या चार नियमांतला पहिला नियम असा की सगळ्या बंदुका कायम भरलेल्याच असतात. नवख्यांना तो अतिशयोक्तीचा वाटतो. पण ग्लॉकसारख्या काही पिस्तुलांत स्लाइड उतरवण्याआधी चाप दाबावाच लागतो, त्याशिवाय ती सुटत नाही. म्हणजे रिकामं करण्यात झालेली चूक पुढच्याच मिनिटाला गोळी होऊन बाहेर येते. फोन आला म्हणून उठलात, पाच मिनिटांनी परत बसलात, तर चेंबर पुन्हा तपासा. कुणी हसलं तर हसू द्या.

सामान

तुमच्या नळीच्या मापाचा ब्रश लागेल, ९ मि.मी.च्या नळीला ९ मि.मी.चाच. ब्रॉन्झच्या तारांचा किंवा नायलॉनचा घ्या, पोलादी तारांचा नको. एक क्लीनिंग रॉड, तिच्या टोकाला चिंधी धरणारा जॅग, सुती चिंध्या, जुना टूथब्रश, कापसाचे बड्स, एक मऊ फडकं. जुन्या बनियनच्या चिंध्याही चालतात, फक्त त्यांचे धागे सुटायला नकोत. आणि दोन बाटल्या: साफ करायचं सॉल्व्हंट आणि वंगणाचं तेल. ग्रीस हवं असेल तर छोटी ट्यूब वर्षानुवर्षं पुरते.

सॉल्व्हंट आणि तेल यांची कामं वेगळी आहेत आणि नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. सॉल्व्हंट काजळी, जुनं तेल आणि चिकटा सोडवतं, पण ते वंगण नव्हे. ते तसंच ठेवलं तर धातू कोरडा आणि उघडा राहतो. हॉप्स नंबर ९ हे १९०३ पासूनचं जुनं नाव. एकदा वास घेतलात की दहा वर्षांनीही ओळखाल. जर्मनीतलं बॅलिस्टॉल १९०४ चं. सीएलपी नावाखाली मिळणारी तेलं साफ करणं, वंगण देणं आणि गंज रोखणं ही तिन्ही कामं एकाच बाटलीत करतात. पहिल्या साफसफाईला सीएलपी पुरेसं आहे आणि नवख्यानं त्याच एका बाटलीनं सुरुवात करावी असं माझं मत आहे.

घरात डब्ल्यूडी-४० असतंच, ते वापरू का, असं हमखास विचारलं जातं. नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं. १९५३ मध्ये गंज रोखण्यासाठी ते तयार झालं आणि ते काम ते चोख करतं. पिस्तूल पावसात भिजलं तर मीही मारतो. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे जो पातळ थर राहतो तो स्लाइडच्या घर्षणापुढे टिकत नाही. वंगण म्हणून नको. गाडीचा ब्रेक क्लीनर, ॲसिटोन असली जहाल द्रव्यंही दूर ठेवा. काही प्लास्टिक त्यांनी मऊ पडतं, लाकडी मुठीचं पॉलिश जातं आणि नेम धरायच्या साइटवरचा रंग निघतो.

खिडकी उघडा, चष्मा लावा, नायट्राइलचे हातमोजे घाला. हातमोजे केवळ तेलासाठी नाहीत. गोळीतलं शिसं आणि प्रायमरमधली (काडतुसाच्या बुडातला, पिनच्या टोल्यानं पेटणारा भाग) शिशाची संयुगं काजळीतून हाताला लागतात आणि हातावरून तोंडात जातात. काम चालू असताना खाणंपिणं नको. उठल्यावर साबण लावून गार पाण्यानं हात धुवा.

उघडणं

पिस्तुलासोबत आलेली पुस्तिका समोर उघडून ठेवा. मी काय सांगतोय त्यापेक्षा तिच्यात काय लिहिलंय ते मोठं. प्रत्येक मॉडेलची स्लाइड उतरवायची रीत वेगळी असते: बेरेटा ९२ मध्ये बटण दाबून एक खटका फिरवला की झालं, सीझेड ७५ मध्ये स्लाइड आणि फ्रेमवरच्या खुणा जुळवून स्लाइड स्टॉपची, म्हणजे स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्याची, पिन बाहेर ढकलावी लागते, ग्लॉकचं वर सांगितलंच.

दर टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंगचं कुठलं टोक कुठे होतं हे तेव्हा अगदी लख्ख लक्षात राहील असं वाटतं. पंधरा मिनिटांनी दोन्ही टोकं सारखीच दिसतात.

आपल्याला फक्त वरवरचं उघडायचंय, ज्याला फील्ड स्ट्रिप म्हणतात. बहुतेक पिस्तुलांचे त्यात पाचच तुकडे होतात: फ्रेम, स्लाइड, नळी, स्लाइडला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग तिच्या दांडीसकट आणि मॅगझिन. यापुढे एकही पिन ठोकायची नाही, स्क्रू काढायचा नाही. आतली यंत्रणा उघडून बसलेल्या एका मित्राला शेवटी सगळे तुकडे डब्यात भरून कारागिराकडे न्यावे लागले होते, आणि वर एक बारीक स्प्रिंग कमीच निघाली.

रिकॉइल स्प्रिंग दाबलेली असते. तिच्यावरून अंगठा काढू नका आणि तोंड तिच्यासमोर आणू नका. अमेरिकी सैन्यानं १९११ मध्ये घेतलेल्या आणि त्या सालाच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या पिस्तुलात नळीच्या तोंडाशी एक बुश, म्हणजे नळीला धरणारं कडं, असतो आणि त्याच्याखाली स्प्रिंगला दाबून धरणारी छोटी टोपी. बुश फिरवताना माझा अंगठा घसरला आणि ती टोपी छताला लागून कपाटामागे गेली. कपाट हलवायला दोन माणसं लागली. चष्मा लावा म्हणालो तो यासाठीही.

नळी

नळी नेहमी मागून, म्हणजे चेंबरच्या बाजूनं साफ करायची. पुढचं तोंड, ज्याची कड गोळीला शेवटचा स्पर्श करते, ते नळीतलं सगळ्यात नाजूक ठिकाण. रॉड तिथे घासत राहिली आणि कड एका बाजूनं झिजली तर गोळी दर खेपेला त्या बाजूनं किंचित ढकलली जाईल. पिस्तूल उघडल्यावर नळी सुटी हातात येते, त्यामुळे पुढून साफ करण्याचं काही कारणच उरत नाही.

चिंधी सॉल्व्हंटमध्ये भिजवून मागून आत घाला आणि पुढून बाहेर काढा. पाच-दहा मिनिटं थांबा. इथे घाई करणारे नंतर दुप्पट घासतात. मग ब्रश घाला, तोही पुरता बाहेर निघेपर्यंत. नळीत मध्येच उलट ओढला तर तारा वाकतात, ब्रश अडकतो. आठ-दहा फेऱ्या पुरे. त्यानंतर कोरड्या चिंध्या, एकामागून एक.

पहिली चिंधी काळपट आणि तेलकट येते, दुसरी राखाडी, तिसरीवर नळीतल्या पिळाच्या खाचांचे फिकट पट्टे उमटतात, चौथी-पाचवी जवळपास पांढरी. तिथे थांबा. अगदी दुधासारखी पांढरी चिंधी येईपर्यंत घासत बसणारे लोक मला माहीत आहेत. त्यांची पिस्तुलं माझ्यापेक्षा चांगली चालत नाहीत. चिंधीवर निळसर-हिरवट डाग दिसला तर गोळ्यांच्या आवरणाचं नळीत साचलेलं तांबं सुटतंय असं सांगतात. नव्या नळीत तेवढं तांबं साचलेलं नसतं. ब्रॉन्झचा ब्रश किंवा पितळी जॅग अमोनियाच्या सॉल्व्हंटमध्ये बुडवला की तेही तसाच निळा रंग सोडतात. डागाचा उगम बघण्याआधी नळीला दोष देऊ नका. निकेलचा मुलामा दिलेलं पिस्तूल असेल तर अमोनियाचं सॉल्व्हंट मुळात टाळा, ते मुलाम्याखाली शिरतं.

चेंबरच्या भिंती आणि काडतूस वर सरकवणारा उतार कापडानं पुसा आणि कोरडे ठेवा. नळीतून शेवटी तेलाची अगदी हलकी चिंधी फिरवली तर गंज धरत नाही. झाडण्याआधी मात्र पुन्हा एक कोरडी चिंधी फिरवून ते तेल काढायचं. आणि नळी उजेडाकडे धरून आरपार बघायची. एखादी चिंधी जॅगवरून सुटून आत राहिली असेल तर ती गोळीच्या वाटेत आडवी येते; नळी फुगते, प्रसंगी फुटते. हे बघणं साफसफाईचाच भाग आहे.

स्लाइड आणि फ्रेम

स्लाइड उलटी धरा. जिथे काडतुसाचं बूड टेकतं तो सपाट भाग टूथब्रशनं घासा. त्याच्या कडेला एक छोटा आकडा असतो, एक्स्ट्रॅक्टर. गोळी सुटल्यावर उरलेलं काडतुसाचं रिकामं नळकांडं, म्हणजे केस, तोच ओढून काढतो. त्याच्या नखाखाली कारखान्याचा चिकटा किंवा धातूचा बारीक कीस बसलेला असतो. बडचं टोक तिथे फिरवा. मग स्लाइडच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या खाचा, ज्यांवर ती फ्रेमवरून धावते, त्या कापडानं पुसा.

एक अपवाद. नव्या ग्लॉकच्या स्लाइडमध्ये तांबूस, चकचकीत ग्रीस लावलेलं दिसतं. ते घाण समजून खरवडू नका. कंपनीनं ते मुद्दाम लावलेलं असतं, सुरुवातीच्या काळात भाग एकमेकांत नीट बसावेत म्हणून, आणि ते तसंच राहू द्या असं कंपनीच सांगते. मी पहिल्याच दिवशी ते सगळं पुसून स्वच्छ केलं होतं आणि स्वतःवर खूशही झालो होतो.

स्ट्रायकर किंवा फायरिंग पिन, म्हणजे प्रायमरवर आदळणारी पिन, जिथून ये-जा करते त्या भोकात ना सॉल्व्हंट, ना तेल. टूथब्रशला सॉल्व्हंट लावून घासताना स्लाइडचा पुढचा भाग खाली झुकता ठेवा, म्हणजे ओघळ तिकडे जाणार नाही. आत तेल गेलं तर त्यात जळकी पूड मिसळून दाट लगदा होतो, पिन मंदावते आणि प्रायमरवर हलकासा टोला बसून गोळी सुटतच नाही. थंडीत हे आणखी जाणवतं.

फ्रेमवर फार काही करायचं नाही. स्लाइड धावते त्या पट्ट्या पुसा, चापाच्या यंत्रणेवर टूथब्रश अलगद फिरवा, बडनं कोपरे टिपा. तिथे सॉल्व्हंटची पिचकारी मारली की सगळी घाण आत वाहून जाते आणि जिथे हात पोचत नाही तिथे जमते.

मॅगझिन कोरडं, आतून आणि बाहेरूनही. नव्या मॅगझिनवरचा कंपनीचा थर पुसून टाका, आतली स्प्रिंग आणि पट्टी हातानं दाबून सहज खाली-वर होतेय ना ते बघा आणि तेल लावायच्या मोहात पडू नका. मॅगझिनमधलं तेल धूळ धरतं आणि काडतुसाच्या प्रायमरपर्यंत झिरपलं तर ते निकामी होऊ शकतं.

तेलपाणी

आता बाटली उघडा. सगळ्या पिस्तुलाला मिळून पाच-सहा थेंब लागतात. बाटलीच्या नळीतून मोठा थेंब पडत असेल तर तो टूथपिकच्या टोकावर घ्या आणि तिथून लावा.

कुठे लावायचं ते डोळ्यांनी कळतं: धातू धातूवर जिथे घासतो तिथे. नळीचा पुढचा भाग स्लाइडच्या भोकातून सरकतो, म्हणून नळीच्या बाहेरच्या अंगाला एक थेंब आणि तो बोटानं गोल पसरायचा. नळीचा चेंबरवरचा चौकोनी माथा स्लाइडच्या खिडकीत घासतो, तिथे एक बोट. फ्रेमच्या पट्ट्या किंवा स्लाइडच्या खाचा, दोन्हींपैकी एका जागी पुरे. स्लाइड बसवली की दुसरीकडे ते आपोआप जातं. प्लास्टिकच्या बहुतेक फ्रेममध्ये सलग पट्टी नसते, धातूचे चार छोटे तुकडे असतात, प्रत्येकाला टूथपिकभर. ग्लॉकमध्ये मागे उजव्या कोपऱ्यात चापाची दांडी आणि कनेक्टर नावाची धातूची छोटी पट्टी जिथे भेटतात तिथे एक थेंब कंपनीनं सांगितलेला आहे आणि तो विसरू नये. चाप जड वाटायला लागतो.

पसरवल्यावर तेलाची ओल दिसावी, ओघळ दिसू नये. बोट फिरवलं की बोटाला चकाकी यावी, थेंब येऊ नये. मला तेव्हा हे एवढंच कुणी सांगायला हवं होतं.

तेल की ग्रीस? जुने लोक म्हणतात, फिरतं त्याला तेल, सरकतं त्याला ग्रीस. नियम वाईट नाही. पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर, जिथे लांब पट्टी लांब खाचेतून धावते, ग्रीसचा पातळ थर तेलापेक्षा जास्त टिकतो. तेल उभ्या ठेवलेल्या पिस्तुलातून हळूहळू खाली उतरतं. कडाक्याच्या थंडीत मात्र ग्रीस घट्ट होतं आणि स्लाइड सुस्तावते, तिथे तेलच बरं. १९११ च्या धाटणीची घट्ट जोडणीची पिस्तुलं सुरुवातीला जरा जास्त ओली मागतात. प्लास्टिक फ्रेमच्या पिस्तुलाला ग्रीस नाही लावलं तरी काही बिघडत नाही.

जोडणी आणि तपासणी

जोडताना काढल्याच्या उलट क्रमानं या आणि फोटो बघत या. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकीचं बसलंय. थांबा, उतरवा, पुन्हा बघा. स्लाइड बसल्यावर ती दहा-पंधरा वेळा मागे-पुढे करा म्हणजे तेल पसरेल. बाहेर आलेलं जास्तीचं तेल पुसून टाका.

मग तपासणी. काडतुसं अजून दुसऱ्या खोलीतच आहेत. चेंबर पुन्हा बघा. तोंड सुरक्षित दिशेला धरून चाप दाबा. खट् आवाज येईल. चाप दाबलेलाच ठेवून स्लाइड पूर्ण मागे नेऊन सोडा. आता चाप सावकाश पुढे सोडा; मध्येच बारीक ‘टिक्’ जाणवतं, म्हणजे यंत्रणा परत तयार झाली. पुन्हा दाबा, पुन्हा खट्. हातानं चालणारी सेफ्टी असेल तर ती लावून चाप दाबा, काही होता कामा नये. शेवटी रिकामं मॅगझिन घालून स्लाइड ओढा, ती मागेच अडकून राहायला हवी. यातलं एकही पाऊल चुकलं तर रेंजवर जायचं नाही, आधी पुस्तिका, मग जाणता माणूस.

पॉइंट २२ रिमफायर पिस्तूल असेल तर पुस्तिकेत परवानगी असल्याशिवाय रिकामा चाप दाबू नका. त्यातली पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूसच नसेल तर ती चेंबरच्या कडेवर आपटू शकते.

रिव्हॉल्व्हर घेतलं असेल तर

त्याची नळी सुटत नाही, त्यामुळे रॉड तोंडाकडूनच घालावी लागते. रॉडला तोंडाशी मधोमध धरणारी पितळी किंवा प्लास्टिकची टोपी मिळते, ती वापरा आणि रॉड नळीच्या कडेला टेकू देऊ नका. सिलिंडर बाहेर काढून प्रत्येक चेंबर ब्रशनं साफ करा. खरी गोम केस बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली असते. न जळलेल्या पुडीचा एक कण तिथे अडकला की सिलिंडर नीट मिटत नाही, फिरताना अडतो. चांदणी उचलून खालची जागा टूथब्रशनं झाडा आणि ती कोरडीच ठेवा. तेल लावलं तर पुढचा कण तिथेच चिकटेल. सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतं तिथे एक थेंब, चांदणी ढकलणाऱ्या एजेक्टर रॉडला अर्धा. सिलिंडर झटक्यानं हात फिरवून मिटवू नका. पडद्यावर ते छान दिसतं, प्रत्यक्षात दांडा वाकतो.

ठेवताना

बोटांच्या घामात मीठ असतं आणि निळसर मुलाम्याच्या पोलादावर बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटलेले मी पाहिलेत, अगदी ओळखता येतील असे. शेवटी तेलाचा हात फिरवलेल्या फडक्यानं पिस्तूल बाहेरून पुसा आणि त्यानंतर धातूला बोट लावू नका. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून महिनोन्‌महिने ठेवू नका. चामडं ओलावा धरतं आणि ते कमावताना वापरलेली क्षारद्रव्यं धातूला खातात. ज्या फोमच्या पेटीतून पिस्तूल आलं तीही प्रवासापुरतीच. कुलपाच्या तिजोरीत सिलिका जेलची पुडी टाका, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. वापर नसला तरी महिन्यातून एकदा काढून बघा. तेल सुकलं असेल तर बोटाला लगेच कळतं.

रेंजवरून आल्यावर दरवेळी हेच सगळं, फक्त निम्म्या वेळात. जुन्या लष्करी साठ्यातली क्षारयुक्त प्रायमरची काडतुसं झाडली असतील तर त्याच संध्याकाळी. त्या प्रायमरचं मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि तेलात विरघळत नाही, म्हणून आधी पाण्याची ओली चिंधी फिरवायची, मग पूर्ण कोरडं करायचं आणि मग तेल.

पहिल्या पन्नासेक गोळ्या झाडून झाल्या की पिस्तूल उघडून पुसण्याआधी उजेडात नीट बघा. पट्ट्यांवर, नळीच्या माथ्यावर, स्लाइडच्या पोटात काही जागा चकाकायला लागलेल्या असतील. धातू तिथे खरोखर भेटतोय. पुस्तिकेतलं चित्र सगळ्या पिस्तुलांसाठी काढलेलं असतं, या रेघा तुमच्या एकाच्या असतात. माझ्या पिस्तुलाच्या नळीवर उजव्या अंगाला अशी एक बारीक रेघ आहे. पुस्तिकेतल्या चित्रात तिथे बाण नाही. मी तिथे टूथपिकचं टोक टेकवतो.